पाठीकडची पट्टी

४ फेब्रुवारी
ती. दादास,
सा. न. वि. वि.
तुझ्या इपॉक्सी रेझिनच्या तक्त्यांमधून कापलेल्या पट्ट्या आगीच्या चाचणीत पास झाल्या. ज्योत काढली की तीन सेकंदांत विझल्या, खाली ठेवलेला कापूसही पेटला नाही. आग रोखणारी पूड मी सुचवलेली, म्हणून प्रयोगशाळेत जरा मिरवून घेतलं.
पण एक गोष्ट मनात घोळतेय. पट्टीत पूड मी सांगितल्याच्या दुप्पट निघाली, आणि तुझा हात तर आखडता. पट्ट्या कुठून कापल्यास?
बाबांना नमस्कार. उत्तराची वाट पाहते.
तुझी,
धाकटी

९ फेब्रुवारी
चि. धाकटीस,
अ. उ. आ.
कुठून म्हणजे? तळाकडून. साच्याला लागलेली बाजू आरशासारखी येते, वर नुसते बुडबुडे. बाहेर पाठवायचं ते चांगलंच, ही बाबांची शिकवण विसरलीस वाटतं.
चाळीस तक्ते दवाखान्यात मुलांच्या वॉर्डातल्या भिंतींवर बसलेसुद्धा. तुझी वहिनी तिथेच नर्स, तिची मान ताठ झालीय. बाबा तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. आता डोकं न खाता पासचा कागद पाठव. माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझा,
दादा

१३ फेब्रुवारी
ती. दादास,
सा. न. वि. वि.
कागद पाठवत नाही. पूड जड असते, रेझिन घट्ट होईपर्यंत तळाशी बसते, वरच्या बाजूला फारशी उरत नाही. तू चांगली बाजू पाठवलीस, मी तीच तपासली. आधी विचारायला हवं होतं, ही चूक माझी.
चांगली बाजू खोलीकडे आहे, असं तू म्हणशील. पण वायरी तक्त्यांच्या मागून गेल्यात ना? मला भीती वाटते, दादा. त्या खाटा डोळ्यांसमोरून हलत नाहीत.
पाठीकडची, बुडबुड्यांच्या बाजूची पट्टी काप, बाबांसमोर जाळून बघ. मग हव्या तेवढ्या शिव्या घाल. राग धर, पण फार दिवस नको.
तुझी,
धाकटी

२१ फेब्रुवारी
चि. धाकटीस,
अ. उ. आ.
दोन दिवस तोंड फुगवून बसलो. मग कारखान्यात बाबांना खुर्ची दिली आणि पट्टी पेटवली. ज्योत काढल्यावर बाबा सेकंद मोजायला लागले. वीस झाले तरी पट्टी जळतच होती. मग थेंब ठिबकला, कापूस पेटला. तिसाच्या पुढे बाबांनी मोजलं नाही. उठले, चपला घातल्या आणि मला पेचकस घ्यायला सांगितलं.
दवाखान्यात जाऊन वायरींची वीज तोडली, मुलांना शेजारच्या वॉर्डात हलवलं आणि चाळीसच्या चाळीस तक्ते उतरवले. हिने स्टूल धरलं, माझ्याकडे बघितलंही नाही. चूक आमची, हे डॉक्टरीणबाईंना बाबांनी स्वतः सांगितलं. काम हातचं गेलं. मला फार लाज वाटली, ती अजून गेलेली नाही.
आता रेझिन घट्ट व्हायला लागेपर्यंत ढवळत बसतो. नव्या तक्त्याच्या पाच पट्ट्या सोबत आहेत. बाबांनी स्वतः निवडून कापल्यात. पाचही पट्ट्यांत बुडबुडे आहेत.
लोभ माझ्यावर ठेव, पट्ट्यांवर नको.
तुझा,
दादा