नंदिकेश्वराचे बशीएवढे डोळे

१४ ऑगस्ट, गुरुवार. सकाळ.
आजपासून ही वही. अभ्यासाची टिपणं. कोणी वाचू नये.

काल जेवताना भैरवीने जाहीर केलं, बी.एस्सी. करायचं नाही. गेममधली चित्रं काढायची आहेत. त्याचा कोर्स नागपूरला. फॉर्मवर बापाची सही हवी, शेवटची तारीख २३.

कसली चित्रं म्हणून विचारलं तर तिने फोन पुढे केला. 'ढगपूर' नावाचा ऑनलाइन खेळ. परीकथेतलं राज्य, हजारो माणसं एकाच वेळी खेळतात म्हणे. सगळ्यांची डोकी कलिंगडाएवढी, डोळे बशीएवढे, घरं भुईछत्र्यांची. आपल्या पूर्वजांनी चित्राची सहा अंगं सांगितली. इथे एकही शाबूत नाही. मी हसलो. सुनीती म्हणाली, अहो, पोरीचं ऐकून तर घ्या. ऐकून घेतलं. मग पुन्हा हसलो.

शेवटी पैज. तिच्या फोनवर आठवडाभर मी दोन खेळ खेळायचे: हे 'ढगपूर' आणि माझ्या पसंतीचा एक, खऱ्यासारख्या चित्रांचा. पोळ्याच्या दिवशीही 'ढगपूर' पोरकट वाटलं तर ती मुकाट बी.एस्सी.ला जाणार. नाहीतर मी सही करायची. अर्ध्या मिनिटात कबूल झालो. बिचारी.

१४ ऑगस्ट. दुपार.
संकल्प: यावर रविवार पुरवणीत पाच भागांची लेखमाला. 'सादृश्य, रस आणि आजची अभिरुची'. घाटंजीचा वार्ताहर म्हणून अकरा वर्षं खड्डे आणि सत्कार लिहिले. आता पुरे. संपादकांना फोन केला. ते म्हणाले, बघू, आधी बसस्टँडसमोरच्या खड्ड्याचा फोटो पाठवा.

१५ ऑगस्ट, शुक्रवार.
झेंडावंदन उरकून माझ्या पसंतीचा 'रक्तगड' सुरू केला. काय चित्रकला! वीराच्या कपाळावरचा घाम वेगळा, नाकावरचा वेगळा. दगडावरचं शेवाळ ओलं दिसतं. याला म्हणतात सादृश्य.
चौदा वेळा मेलो. पैकी नऊदा एकाच दगडामागे. स्वतःची आतडी इतकी तपशीलवार बघायला मिळतील असं वाटलं नव्हतं. बीभत्स रस परिपूर्ण.
फोन इतका तापला की सुनीती म्हणाली, थांबा, त्याच्यावर पोळ्या शेकून घेते.

१६ ऑगस्ट, शनिवार.
'रक्तगड': आणखी अकरा मरणं. भैरवीने विचारलं, मजा येते का बाबा? तिला समजावलं की थोर कला मजेसाठी नसते. ती म्हणाली, मग गेम कशासाठी असतो? या पिढीला वाद घालता येत नाही.
'ढगपूर' नाइलाजाने उघडलं. सुरुवातीलाच एक बैल मिळाला. पाय आखूड, अंग उशीसारखं, डोळे अर्थातच बशा. घाटंजीच्या बाजारात हा उभा केला तर व्यापारी दात मोजायच्या आधी हसून मरतील. नाव ठेवलं मंदबुद्धी. मी चाललो की मागे चालतो. थांबलो की बसतो.
कोणीही मारलं नाही. कंटाळवाणं.

१८ ऑगस्ट, सोमवार.
मंदबुद्धीला रोज संध्याकाळी सातला चारा घालावा लागतो, नाहीतर तो नुसता आपल्याकडे बघत बसतो. बशीएवढ्या रंगवलेल्या डोळ्यांत भाव कुठून येणार? हे तपासण्यासाठी मुद्दाम वीस मिनिटं चारा दिला नाही.
भाव येतो. दृष्टिभ्रम असणार.
'रक्तगड' आज उघडला नाही. फोन तापतो.

१९ ऑगस्ट, मंगळवार.
नाव बदललं. नंदिकेश्वर. मंदबुद्धी टाइप करायला लांब पडतं.
शिंगं रंगवायची सोय आहे. भैरवी म्हणाली, मोरपंखीवर केशरी ठिपके द्या. म्हटलं, हा रंगांचा व्यभिचार आहे. तिला चूक दाखवण्यासाठी तसंच करून पाहिलं. ठेवलं तसंच. पुरावा म्हणून.
नगर परिषदेची सभा राहिली. संपादक ओरडले. लेखमालेचं विचारलं नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार.
उद्या पोळा. आज घरोघरी बैलांचे खांदे हळद-तुपाने मळतात. 'ढगपूर'मध्ये खांदेमळणीचा ऑप्शनच नाही! ही कंपनीची सांस्कृतिक दिवाळखोरी. तसं इंग्रजीत कळवलं, दोन पानं.
शेवटी नंदिकेश्वराच्या खांद्यावरून काचेवरच बोट फिरवलं. तोंडातून बैलांचं नेहमीचं आमंत्रण आपसूक गेलं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. मागे सुनीती उभी होती. म्हणाली, अहो, पुरण किती घालू, त्याच्या हिशोबाने? दुर्लक्ष केलं.
उद्या पैज जिंकायची आहे. मत बदललेलं नाही: पोरकट.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा. रात्र.
सविस्तर लिहिणार नव्हतो.
आमच्याकडे बैलसजावटीचा परीक्षक दरवर्षी मीच. कारण माझ्याकडे बैल नाही. ज्याला बैल नाही तोच निष्पक्ष. आणि दरवर्षी पहिला नंबर भगवानरावांच्या जोडीचा: तेल लावलेली शिंगं, साधी झूल, भडकपणा शून्य. प्रमाणबद्धतेवर माझं दहा मिनिटांचं भाषणही दरवर्षीचंच.
तोरणाखाली रांगेतून निघालो. शेवटून तिसरा खेमसिंगचा गोऱ्हा. आखूड, गुबगुबीत. शिंगं मोरपंखी, वर केशरी ठिपके. खेमसिंगच्या नातवंडांनी त्याच्या डोळ्यांभोवती चुन्याची कडी काढलेली. बशीएवढी.
मी थांबलो. तो बसला.
माइक हातात होता, हे लक्षात राहिलं नाही. सगळ्या मैदानाला ऐकू गेलं, "नंदिकेश्वरा! जेवलास का रे?"
खेमसिंग घाबरून म्हणाला, साहेब, त्याचं नाव राजा हाय. मागून आमच्या शेजारच्या पुंडलिकरावांचा आवाज: "अबे, साहेबाचा बैल मोबाईलमंदी हाय, वैनी सांगून राह्यल्या होत्या!" पोळा फुटून बैल सुटायच्या आधी मैदान हसून फुटलं.
पहिला नंबर राजाला दिला. भगवानराव म्हणाले, काहून जी, यंदा काय झालं तुमाले? म्हटलं, निर्णय शास्त्रीय आहे. भाषण तेच केलं, कारण दुसरं लिहिलेलं नव्हतं. संयमावर बोलत होतो आणि शेजारी राजा केशरी ठिपके हलवत होता.
भैरवी गर्दीत होती. हसली नाही. हेच वाईट.

२३ ऑगस्ट, शनिवार. संध्याकाळ.
टेबलावर फॉर्म. भैरवीने त्यावर पेन ठेवलं. फोन मात्र स्वतःकडे ठेवला.
सात वाजून चार मिनिटं झाली. तिथे तो बघत बसला असणार.
सही केली. भैरवी म्हणाली, बाबा, अटी तरी वाचा. म्हटलं, वेळ नाही, फोन दे.
ही माघार नव्हे. केवळ प्राणिदया.

२३ ऑगस्ट. जेवणानंतर.
आत्ता लक्षात आलं. फोन तिचा आहे. माझा फोन खड्ड्यांच्या फोटोपलीकडे काही पेलत नाही. ती पहिल्या तारखेला नागपूरला जाणार. फोन जाणार. तोही जाणार.
सहज विचारलं, तिकडे कॉलेजच्या धावपळीत त्याला सातला चारा कोण घालणार? आणि बी.एस्सी. तसं वाईट नसतं, यवतमाळहून रोज घरी येता येतं.
ती बराच वेळ माझ्याकडे बघत बसली. डोळे केवढे मोठे झाले होते. मग म्हणाली, तुम्हीच रोज फोन लावून आठवण करून द्या ना बाबा.
म्हटलं, वेळ मिळाला तर बघू. लेखमाला आहे.
लेखमालेचा पहिला भाग लिहायला घेतला. शीर्षक छान जमलंय. पुढे सुचेना. वही मिटण्याआधी माझ्या फोनवर रोजचा गजर लावला.
सहा अठ्ठावन्न.