मासोळ्यांचा निळा ड्रम

शेलूबाजार,
ता. १५ एप्रिल २०२५

चि. पवनले आईचे अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद लिहा लागतेत म्हनून लिहिले, आज तू त्याच्या लायकीचा नाई. रविवारी फोनवर मले म्हनला, "आई, तुले ते मासे नकोच होते. तू नळाचं पानी तसंच ओतलं." अन् माहं ऐकायच्या आत फोन ठेवला. म्हनून घरातला एकुलता एक फोन मी बंद करून लुगड्याइच्या पेटीत घातला. चौथी शिकली मी, पन चिठ्ठी लिहिता येते, अन् चिठ्ठी मधातच कट करता येत नाई. पुरी वाच.

नोकरीले जातानी सात मासोळ्या अन् सतरा कायदे माह्या गळ्यात बांधून गेला. नळाचं पानी दोन दिवस ड्रमात उघडं ठेव, ब्लीचिंगचा वास उडू दे. रविवारी काचेच्या टाकीतलं चौथा हिस्साच काढ, सारं नको काढू. नवं पानी मगानं हळू टाक. मी त्यातलं काय नाई केलं? नळीनं पानी ओढता ओढता घोटभर तोंडात गेलं माह्या. तुह्या बाबानं पोट धरून हसून घेतलं. हसतीन नाई तर काय, सारी गल्ली त्यायले आता उकंडराव मासेवाले म्हनून राह्यली. इथं नळ दहा-बारा दिवसाआड येते, शेजारची मेहरबी एका हंड्यासाठी दारात उभी राह्यते, अन् माह्या घरात मासोळ्याइसाठी एक ड्रम वेगळा. तरी शुक्रवारी भरलेल्या पान्याले मी रविवारपर्यंत कोनाले बोट लावू देलं नाई. सकाळी पानी बदललं, अन् दिवे लागायच्या आत सातही उताण्या.

आता तो ड्रम मोकळाच झाला. येत्या मंगळवारी नळ आला का पिन्याचं पानी त्यातच भरनार. मानसं तरी पितीन.

तुह्यावर लोभ आहे, पन सध्या तो पेटीत फोनाजवळ ठेवला आहे.

तुही आई,
विजयमाला

छत्रपती संभाजीनगर,
ता. १९ एप्रिल २०२५

ति. आईस, पवनचा शि. सा. न. वि. वि.

चिठ्ठी काल मिळाली. पुरी वाचली, दोनदा. रागात बोललो, ते चुकलं.

पण मला काल झोपण्याआधी एक गोष्ट खटकली. दोन दिवस उघड्या ठेवलेल्या पाण्यानं मासे असे मरत नाहीत. चौथा हिस्सा पाणी, आणि एका दिवसात सातही? हे ब्लीचिंगचं काम नाही. तू ड्रम कोणता घेतला? मी डांबर लावलेला जुना ठेवून गेलो होतो. संगीता आत्यानं घरभरणीला दिलेला निळा घेतला असशील, तर आधी त्यात काय होतं ते तिला विचार. तोवर त्यातलं पाणी कोणी पिऊ नका, त्यानं भांडीही धुऊ नका. तुझा फोन लागत नाही. किशन उद्या गावाकडे येतोय, त्याच्याच हाती ही चिठ्ठी देतो.

राग धर, पण एवढं ऐक. पेटीतला लोभ लवकर बाहेर निघावा ही विनंती.

तुझा,
पवन

किन्हीराजा,
ता. २१ एप्रिल २०२५

सौ. वैनीस संगीताचा नमस्कार, वि. वि.

तुमची चिठ्ठी मदनसिंगनं जीपमधून आनून देली. वाचतानी माहं तोंड पाहून सासूनं विचारलं, कोन वारलं. मी म्हनलं, सात मासे.

वैनी, ड्रम नवा नव्हता. मागच्या हंगामात आमच्या घरच्यायनं सोयाबीनच्या अळीचं औषध त्यात कालवलं होतं. एकच दिवस. मी राखेनं घासला, सोड्यानं धुतला, तीन दिवस उन्हात पालथा घातला. वास गेला, म्हनून समजली का औषध बी गेलं. भावाच्या घरभरणीले रिकाम्या हातानं कशी येऊ? अन् स्टीलचा डबा आनला असता तर तुमी नाक मुरडलं असतं, हे बी खरं. तुमी त्यात गहू ठेवसान असं वाटलं होतं. आता गहू बी नका ठेवू.

मासे मेले ते मेले. दादाच्या पोटात त्यातला घोट गेला असता तर मी तोंड कुठं नेलं असतं?

शिव्या द्या, पन येनं-जानं बंद करू नका, एवढी माया ठेवा.

तुमची नणंद,
संगीता

शेलूबाजार,
ता. २७ एप्रिल २०२५

चि. पवनले आईचे आशीर्वाद, या खेपेले मनापासून.

किशन चिठ्ठी घेऊन आला तवा तुहे बाबा तोच ड्रम पिन्याच्या पान्यासाठी पुसून राह्यले होते. तुह्या आत्यानं सारं कबूल केलं. तिले मी अशी चिठ्ठी धाडली का तिचे नातवंडं बी वाचतीन. पन विचारल्यावर लपवलं नाई, म्हनून लग्नाकार्याले बोलावीन.

आता जे सांगनार नव्हती ते ऐक. तू म्हनला, मले मासे नको होते. जुना ड्रम गळते, बुडाले शेवाळ आहे. तू त्यायच्यासाठी तोच सांगून गेला. मले वाटलं, पोरानं ज्यायले जीव लावला त्यायले गळकं काहून द्या? निळा ड्रम मी मानसांसाठी राखून ठेवला होता, तो त्या शुक्रवारी पहिल्यांदा त्यायले देला, अन् आमी डांबराच्या ड्रमातलं पेलो. म्हनून आज तुहा बाप खाटेवर बसून चहात बिस्कूट बुडवून राह्यला. आता सांग, कोनाले नको होते मासे?

निळ्या ड्रमाले मी सब्बलीनं चार भोकं पाडले. नाई तर उद्या भंगारातून नेऊन कोनी पानी भरीन.

काचेची टाकी तीनदा धुतली अन् गळक्या ड्रमातल्या पान्यानं भरून ठेवली. आज रविवार, म्हनून चौथा हिस्सा पानी बदललं. मेहरबी विचारे, मासे नाई तर पानी कायले बदलून राह्यली. मी म्हनलं, सवय मोडली तर माह्या पोराच्या सतरा कायद्याइतले सोळा मी विसरीन.

येतानी सात आन. फोन पेटीतून काढला आहे, लावशील तवा आधी मले बोलू दे.

तुही आई,
विजयमाला