ऱ्हस्व नदि

सातारा, १२ नोव्हेंबर १९९८

सुटलो एकदाचे! लेक शुभाचा मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम कुणीही फुकट घ्यावा, बदलावा. अट एवढीच, तिचं नाव आणि मूळ कोड पुढे द्यावा. सांगलीचा एक दुकानदार तो स्वतःच्या नावावर खपवत होता. आज आम्ही बापलेक त्याच्या दुकानात गेलो.

"आवं, मीच बनवलाय!"

शुभाने त्यातली नमुन्याची ओळ दाखवली, माझ्याच कवितेतली: 'नदि झुळझुळते दारी'.

"नदि ऱ्हस्व कशी?" तिने विचारलं.

"चूक आसंल."

"चूक नाही, ह्या माझ्या आप्पांनी वृत्तासाठी सूट घेतलीय."

गडी ओशाळला. "मग मीबी जरा सूट घेतली म्हणा की!"

पण समोरच तिचं नाव घातलं, कोडची फ्लॉपीही आता प्रत्येकाला देणार म्हणाला.

ऱ्हस्व नदि! शाळेत हिच्यापायी गुरुजींनी अर्धा गुण कापला होता. आज मिळाला.