खास बेळगावहून आणलेला खण

कलकत्ता,
रंगपंचमीनंतरचा सोमवार

तीर्थस्वरूप सौ. शकुनआत्या हिच्या चरणी वृंदाचा साष्टांग नमस्कार. (अगदी खरा साष्टांग. पत्राला बसण्याआधी देवापुढे बेळगावच्या दिशेने घातला. दिशा चुकली असेल तर गोड मानून घे, इथे आल्यापासून मला पश्चिम नेमकी सापडत नाही.) आतोबांचा दमा कसा आहे? तुझे गुडघे काय म्हणतात? म्हैस व्याली का? आम्ही सर्व इथे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे. त्यातले आई आणि बाबा खरोखरच खुशाल आहेत. माझं तेवढं विचारू नकोस. विचारलंस तर सगळं सांगावं लागेल, आणि नाही विचारलंस तरी सांगणारच आहे, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही.

तुला ठाऊकच आहे की मी इथल्या चित्रशाळेत कापडाची नक्षी आणि वेशभूषा शिकते. (आतोबा त्याला ‘शिंपीकाम’ म्हणतात हे आईने मला वाचून दाखवलं होतं. राग नाही.) तर आता वार्षिक परीक्षा आली. बाबांनी जेवताना शांतपणे सांगून टाकलंय की पास झालीस तर पुढलं वर्ष, नाहीतर उन्हाळ्यात नागपूर. नागपूर म्हणजे श्रीकांत नावाचं स्थळ. फोटो आलाय. मुलगा वाईट नसेल गं, पण त्याच्या शर्टाची कॉलर मानेपेक्षा इतकी मोठी आहे की त्याच्यासोबत आणखी एक मान सहज मावेल. जन्मभर त्या कॉलरीकडे बघत जेवणं मला जमायचं नाही. म्हणून पास होणं भाग आहे.

आणि पास होणं आहे लाहिरीदींच्या हातात. या आमच्या मुख्य शिक्षिका. बारीक आवाजात बोलतात आणि तरी शेवटच्या बाकावरची मुलगी उठून उभी राहते. त्यांचा नियम असा की नुसता पोशाख करून चालत नाही, तो तुम्हाला सुचला कुठून ते दाखवावं लागतं. ज्यावरून सुचलं ती मूळ वस्तू पोशाखाच्या शेजारी टेबलावर मांडायची. ‘पुस्तकातून उचललेलं मला वासावरून कळतं,’ म्हणतात. वासावरून आठवलं, सहामाहीला आमच्या वर्गातल्या इंद्राणीला (ही बराकपूरहून लोकलने येते) माशाच्या खवल्यांवरून झालर सुचली. सुंदर झालर होती. पण नियमाप्रमाणे तिने शेजारी अख्खा रोहू आणून ठेवला, आणि लाहिरीदी त्या दिवशी दुपारनंतर आल्या. मी खिडकीत जाऊन उभी राहिले. बाकीच्या मुली मात्र तो कसा रांधावा यावर बोलत होत्या. इंद्राणीला पहिला नंबर मिळाला आणि रोहू शिपायाला.

बाकी सगळ्यांना सुचतं गं! कुणाला आजीच्या गोधडीवरून, कुणाला अल्पनेवरून (ही इथली रांगोळी), कुणाला गावच्या देवळाच्या विटांवरून. मलाच काही सुचेना. मी प्राणिसंग्रहालयात जाऊन झेब्रा काढला. लाहिरीदी कापडाकडे बघून म्हणाल्या, ‘छान. यावर झोपायचं कुणी?’ हावड्याचा पूल काढला, तर त्याचा झगा शिवल्यावर घालणारीला बसताच येईना. शेवटी त्यांनी मला बोलावलं आणि हळूच म्हणाल्या, ‘बृंदा, तू दुसऱ्यांच्या घरात का शोधतेस? तुझं स्वतःचं काही नाही का?’ आत्या, मला रडूच आलं. माझं स्वतःचं काय आहे? नागपुरात जन्मले, बाबांच्या बदल्यांबरोबर फिरले, इथे बंगाली मुलींत मी मराठी आणि तुझ्याकडे आले की तुम्ही हसता, म्हणता हिचं मराठी बंगाली झालंय.

तरी मी धीर सोडला नाही. कलकत्त्यात आपलं असं एकच आहे, मराठा खंदक. आपले लोक लुटायला येतील म्हणून या लोकांनी दोनशे वर्षांपूर्वी खणला होता. म्हटलं, आपल्यासाठी का होईना, खणलाय ना! त्यावरून काठाची नक्षी सुचेल. म्हणून ड्रॉइंगबोर्ड घेऊन बागबाजारला गेले. खंदक कुठे दिसेना. एका ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ पेपर वाचत बसले होते, त्यांना विचारलं. म्हणाले, तो कधीच बुजवला, पण तुला कशाला हवा? मी म्हटलं, मी मराठी आहे. झालं! त्यांनी चष्मा वर केला आणि घरात तोंड करून ओरडले, ‘ओ गो, बाहेर या, बर्गी आली आहे!’ (आपल्या घोडेस्वारांना हे लोक बर्गी म्हणतात आणि त्यांचं नाव सांगून अजून पोरं निजवतात.) सगळ्या खिडक्या उघडल्या. एक नात मला बघून भोकाड पसरून रडली. मग त्यांच्या बायकोने मला आत नेलं, पोटभर संदेश खायला घातले, आणि ‘बर्गी फारच हडकुळी आहे’ म्हणून आणखी दोन बांधून दिले. खंदक मिळाला नाही. बोर्ड त्यांच्याच ओट्यावर विसरले.

आता मुख्य गोष्ट. आत्या, तू पाणी पिऊन घे.

तू इथे आमच्याकडे आली होतीस तेव्हा आईला एक खण दिला होतास, आठवतो? डाळिंबी, पिवळ्या काठाचा. आई त्याला आजही ‘वन्संनी खास बेळगावहून आणलेला’ असंच म्हणते. नुसता ‘खण’ कधी म्हणत नाही. बाबांनी तुझ्याबद्दल काही बोलावं (बाबा कधी कधी बोलतात, भाऊच ते) की आई लगेच म्हणते, ‘काही बोलू नका, त्यांनी एवढ्या लांबून आठवणीने खण आणला.’ त्याच्या एका कोपऱ्याला लाल दोऱ्याची गाठ आहे. तीही तू दृष्ट लागू नये म्हणून मायेने मारलीस असं आई येईल जाईल त्याला सांगते. तो तिने शिवला नाही. ‘इथल्या शिंप्याला खणाची चोळी काय कळणार’ म्हणत ट्रंकेच्या तळाशी ओटीतल्यासारखी त्रिकोणी घडी घालून ठेवला.

गेल्या आठवड्यात आई भजनाला गेली होती. मी ट्रंकेत बाबांचं जुनं धोतर शोधत होते, कापायला. तो खण हाती आला. खिडकीतून ऊन येत होतं. घडी उलगडली तर एका बाजूने डाळिंबी, दुसऱ्या बाजूने धरला तर काळपट, आणि काठ नुसता पेटल्यासारखा! आत्या, मी ओरडलेच. मला एकदम सगळा पोशाख दिसला: पांढरं साधं हातमागाचं पातळ आणि त्यावर खणाचं बिनबाह्यांचं जाकीट, काठ पुढून दोन्ही बाजूंनी सरळ उतरलेला. हे माझं होतं. रोहूचं नाही, झेब्र्याचं नाही, माझ्या आईच्या ट्रंकेतलं. हातात कात्री होती आणि आई घरात नव्हती. या दोन गोष्टी आमच्याकडे एका वेळी सहसा होत नाहीत.

मी कापला.

जाकीट अप्रतिम झालं. मी आरशापुढे गिरक्या घेतल्या, स्वतःशीच गुणगुणले, आणि तिसऱ्या की चौथ्या गिरकीला माझ्या तोंडचं पाणी पळालं. मूळ वस्तू शेजारी मांडायची! आणि मूळ वस्तू मी अंगात घातली होती! शेजारी मांडायला उरला होता फक्त गाठीचा कोपरा. इतकी मूर्ख मुलगी आपल्या घराण्यात तू पाहिलीस का? (नाव घेऊ नकोस, मला कुणाचं ते कळलं.)

यावर कडी म्हणजे चैत्रगौरीचं हळदीकुंकू. आई यंदा कलकत्त्यातल्या सगळ्या मराठी बायकांना बोलावणार आहे आणि कालिंदीबाईंच्या ओटीत नेमका तोच खण घालणार आहे. कालिंदीबाई म्हणजे इथल्या सर्वांत जुन्या. जन्म इथलाच, माहेर इथलंच, इथे बदलून किंवा पाहुणी आलेल्या प्रत्येक मराठी बाईची पहिली ओटी त्याच भरतात. तुलाही बाबांनी नेलं होतं त्यांच्याकडे, आई तेव्हा आजारी होती. आई म्हणते, ‘त्यांच्या मानाचं दुसरं काही आपल्याकडे नाही. वन्संनी खास बेळगावहून आणलेलाच घालीन.’ सध्या ट्रंकेत मी हिरव्या पॉपलिनचा तुकडा त्रिकोणी घडी करून कागदात गुंडाळून ठेवलाय. आई रोज म्हणते, खणाला एकदा ऊन द्यायला हवं. मी रोज म्हणते, आज ढग आहेत. आज आकाशात चिमटीएवढाही ढग नव्हता. मला जेवण जात नाही, आणि आईला वाटतं मी श्रीकांतच्या फोटोवर भाळले.

मला काही नको, आत्या. तुझा आशीर्वाद तेवढा असू दे. आतोबांना नमस्कार, म्हशीला थाप.

तुझी (अजून नागपूरला न गेलेली)
वृंदा

ता. क. – आशीर्वादाबरोबर एक खण पाठव. अगदी तस्साच, डाळिंबी, पिवळ्या काठाचा. तू तो ज्या दुकानातून घेतलास तिथे असेलच. परीक्षेत शेजारी मांडीन आणि मग गुपचूप ट्रंकेत ठेवीन. लाल दोऱ्याची गाठ मी इथे मारून घेईन. पार्सल इंद्राणीच्या पत्त्यावर पाठव, पत्ता मागे लिहिलाय. आईला पत्रात काही लिहू नकोस. तुझ्या पाया पडते.

ता. क. दुसरा (बुधवार) – पत्र अजून टाकलं नाही. टाकायला निघाले होते, पण पोस्टाच्या वाटेवर कालिंदीबाईंचं घर लागतं. म्हटलं, त्यांच्याकडे तसा खण असला तर परीक्षेपुरता मागावा. पिशवीत जाकीट आणि तो गाठीचा कोपरा घेऊनच गेले. त्यांनी नेहमीप्रमाणे ‘पाणी खाणार का?’ म्हणून विचारलं (त्यांचं मराठी इथल्याच पाण्यावर वाढलंय), मी कोपरा पुढे केला, आणि त्या बघतच राहिल्या. म्हणाल्या, ‘ही गाठ माझ्या आईची. ती ओटीचा खण देताना कोपऱ्याला लाल दोरा बांधायची. हा मी तुझ्या आत्याच्या ओटीत घातला होता, ती इथे आली तेव्हा. तुझ्याकडे कसा?’

आत्या, मी काय सांगणार? जे इतकी वर्षं घरात ऐकलं तेच तोंडातून गेलं, ‘आत्याने आईला दिला, खास बेळगावहून आणलेला.’

त्या इतक्या हसल्या की मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मग जाकीट उचललं, आपल्या पातळावरून चढवलं आणि बटण न लावता आरशापुढे उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘आईने दिला, मी जपून ठेवला. शकुनने जपला, तुझ्या आईने जपला. सगळ्यांच्या ओटीत पडला गं, अंगाला कुणाच्याच लागला नाही. तूच पहिली कात्री लावलीस. बरं केलंस.’ मला रडू आवरेना. त्यांनाही आवरेना, पण त्यांनी पदराऐवजी माझ्या जाकिटाला डोळे पुसले, त्यामुळे आता उजव्या बाजूला डाग आहे.

परीक्षेचं त्यांनीच सोडवलं. ‘मूळ वस्तू शेजारी ठेवायची ना? मग मला ठेव. रोहूपेक्षा मी बरी.’ त्या खरंच येणार आहेत, खुर्चीत बसून, हातात तो कोपरा घेऊन. लाहिरीदी काय म्हणतील या काळजीने मला पुन्हा जेवण जात नाही, पण ही काळजी निराळी आहे. हिच्यात भूक लागते.

ता. क. तिसरा (शेवटचा, आईच्या नजरेस पडू नये म्हणून बारीक अक्षरात) – आत्या, मी जर तो खण कापला नसता, तर हळदीकुंकवाला बायकांनी भरलेल्या खोलीत आईने कालिंदीबाईंना त्यांचाच खण त्यांच्याच गाठीसकट दिला असता, आणि वर मोठ्याने म्हणाली असती की वन्संनी खास बेळगावहून आणला. आई तुझ्यासाठी बाबांशी भांडते गं. मी तिला एक शब्द बोललेली नाही. कालिंदीबाईही बोलणार नाहीत, ओटी मुकाट्याने घेईन म्हणाल्या. आम्ही दोघी स्वभावाने चांगल्या आहोत. पण मी फार काळजीत आहे, आणि काळजीत असले की माझ्या तोंडून काहीही निघून जातं, हे तुला ठाऊक आहे.

तेव्हा खण उलट टपाली पाठव. एक ट्रंकेसाठी आणि एक आईला शिवायला, तिच्या अंगाला लागेल असा. आणि आत्या, या वेळी तो खरोखर बेळगावचा असू दे.