झेलाबाई मी नव्हती

पुणे, मंगळवार

आई, करिश्माचा तुले अन् बाबाले जयभीम.

मी बरी आहे, टाइमावर जेवते. धान कापून झाला का? खुशबूचा खोकला गेला का?

पंधरा दिवसाआधी बस स्टॉपवर कोणाच्या तरी मोबाईलमंधून माही झेलाबाई बोलली. रेडिओवर मी आवाज देते तीच भांडखोर सासू, केसाचं तेल विकून राह्यली होती! मी तेलाची जाहिरात कधी केलीच नाई. स्टुडिओत जाऊन साहेबाले विचारलं.

"तूच केली असशील, विसरली," तो हसून म्हणाला.

"साहेब, हसायच्या आधी मी दम घेते. ही जाहिरातीतली बाई दमच घेत नाई."

त्याचं हसू गेलं. मागं त्यानं मशीन तपासाची म्हणून माह्याकडून रागाची, लाडाची, रडायची लय वाक्यं वाचून घेतली होती. त्यातूनच मशीननं माहा आवाज बनवला. आता तो आणखी वाच म्हणते. मी साफ नाई म्हटलं. तवापासून रेकॉर्डिंगले बोलावणंच नाई. आमी चार कलाकार उद्या वकीलबाईकडे जाऊन राह्यलो. काळजी करू नको.

माह्या आवाजात कोणी फोन करून काई मागतलं तर देजो नको. म्हणूनच हातानं लिहून राह्यली, माहं अक्षर तू ओळखते.

अन् रविवारी झेलाबाईचा नवा भाग ऐकून फोनवर तू म्हणाली, "आज तं तू मले पोट दुखेपर्यंत हसवलं." तू एवढी खुश होती, का मले खरं सांगवलं नाई. आई, त्या भागात मी नव्हती.

तुही,
करिश्मा