सुलट शिक्का

३ फेब्रुवारी
दिवाळीपासून तुझ्या पानांकडे फिरकले नाही — रागावू नकोस. सांबरगाव संस्थानानं खाल्लं मला! मूठभर खेड्यांचं राज्य, आप्पासाहेबांच्या घराण्याचं. त्याचं प्रदर्शन भरतंय. फलकांचा मजकूर माझा. एवढ्याशा राज्याला आधी शिक्का लागला, मग निशाण, मग न्यायसभा. फौज सगळ्यात शेवटी!

५ फेब्रुवारी
शिक्क्यावर अडलंय. शिक्का उलटा कोरला तर ठसा सुलट उमटतो. पहिल्या राजाच्या कारागिरानं नेमका सुलट कोरला — कागदावर सगळी अक्षरं उलटी! आरशात बघून वाचावीत अशी. राजा म्हणाला, हाच आमचा शिक्का. चूक कबूल करायची नाही, तिचाच कायदा करायचा — म्हणजे राज्य?
माझा नवरा शहेजाद जेवताना म्हणाला, "राजे मूळचे पुण्याचे का गं?"
आप्पासाहेब मात्र ऐकेनात. "नजमाताई, फोटो फिरवून छापा. लोक हसतील! आणि लहानपणी मी स्वतः वाचलाय तो शिक्का. सुलट होता."
ऐंशीच्या माणसाशी काय वाद घालायचा? 'बरं' म्हणून निघून आले. हे सौजन्य की भित्रेपणा?

६ फेब्रुवारी
फोटो फिरवला. दिवसभर स्वतःशीच भांडले.

९ फेब्रुवारी
सापडलं! संस्थानच्या न्यायसभेचा छापील निकाल — 'शिक्का सुलट वाचता येईल तो कागद बनावट समजावा.' खोटे कागद करणारे बाहेर चांगल्या कारागिराकडे जायचे. तो बिचारा शिक्का नीट करून द्यायचा!
तडक शनिवार पेठेत आप्पासाहेबांकडे. वाटलं, चिडतील. पण खूश! "वा! म्हणजे आमची चूकसुद्धा कुणाला जमत नव्हती! उलटाच ठेवा. आणि हे वाक्य दारातच लावा, मोठ्या अक्षरांत." मग म्हणाले, "मला सुलट कसा आठवतो मग? वय झालं, ताई."
जिंकले. फलक छपाईला गेला.

१२ फेब्रुवारी
आप्पासाहेबांनी प्रदर्शनासाठी बँकेच्या लॉकरमधून दत्तकपत्र आणलं. शेवटच्या राजानं त्यांच्या आजोबांना दत्तक घेतलं, तो कागद. त्यावरच तर हे सगळं घराणं उभं! शिक्क्यावर बोट ठेवून त्यांनी तो घडाघडा वाचून दाखवला. आरशाशिवाय.
"बघा ताई, बरोबर आठवत होतं मला!"
किती आनंद चेहऱ्यावर. त्यांच्या लक्षातच आलं नाही.

उद्या : प्रेस उघडताच फोन — दारातला फलक छापू नका.