बाबांचा पुरा फोटो

ता. ११ मार्च

दादास नमस्कार,

मी बरा आहे. जेवतोखातो, मशीनपाशी उभं राहून पाय दुखतात तेवढंच. वहिनीला आणि चिमणीला विचारलंय म्हणून सांग. शिलाईचं नवं दुकान उघडतोयस, आनंद झाला. खोटं नाही लिहीत.

आता फोटोचं. बाबांना जाऊन वर्ष होत आलं, काउंटरमागे त्यांचा तीन फूट रुंद फोटो हवा म्हणालास. छापणारा घरचाच आहे, मग बाहेर कशाला जा, बरोबर. पण तू मोबाईलवरून धाडलास तो जेमतेम साडेसहाशे ठिपके, म्हणजे पिक्सेल, रुंद. तीन फुटांवर ताणला की इंचाला अठराच येतात. लांबून बघायच्या फोटोलाही शंभर तरी लागतात. तरी छापून बघितला. बाबांचं तोंड फरशीच्या चौकोनांसारखं आलं. मग छापखान्याच्या मालकांनी कॉम्प्युटरकडून मधले ठिपके भरून घेतले. तो आपल्या मनाने भरतो. बाबा असे गुळगुळीत झाले की गालावरचा तीळच गेला. मालक बघत राहिले आणि म्हणाले, "अरे, यांचा डावा हात कुठाय?"

मी बघितलं, हात फोटोच्या कडेलाच कापलेला होता.

तुला विचारलं असतं तर काहीतरी सांगून मोकळा झाला असतास. म्हणून वहिनीकडे कॅमेऱ्यातली मूळ फाईल मागितली. तिने भाबडेपणाने पाठवली. तिच्यावर डाफरू नकोस.

मूळ फोटो चार हजार ठिपके रुंद आहे. पुरा छापला तर इंचाला शंभराच्या वर बसतात, तीळ दिसतो, गळ्यातल्या टेपवरचे आकडेही वाचता येतात. मला कापलं की पुन्हा कमी पडतात.

हो, मला. मी कामासाठी घर सोडलं त्या सकाळचा फोटो आहे. पायाशी माझी बॅग, खांद्यावर बाबांचा डावा हात. काढलास तूच. "हसा की जरा," असं म्हणाला होतास. आणि बाबा गेल्यावर सगळ्यांना सांगत सुटलास की धाकटा पळून गेला, बाबांनी त्याचं नाव टाकलं होतं. आत्या फोनवर मला तेच ऐकवते. पळून जाणाऱ्याला बाप असा धरून उभा राहतो का रे?

आजवर गप्प बसलो, कारण दाखवायला काही नव्हतं. आता आहे.

तर पुराच छापलाय. उद्या नळीत गुंडाळून पाठवतो. भिंतीवर लाव, नाहीतर माळ्यावर टाक. कापायचाच असेल तर बाबांची कात्री तुझ्याकडेच आहे. ती त्यांच्या हातावरून जाईल, एवढं बघून चालव.

दुसरी प्रत आत्याकडे आजच रवाना केली.

बाबांचा धाकटा,
आणि तू मान किंवा मानू नकोस, तुझाही.